पंधरा ऑगस्ट : पाणी बंद

मी पस्तीस आकडे मनाने लिहिले. चौतीस नाही, छत्तीस नाही. नंतर ते एकेक करून मोजायची वेळ माझ्यावर आली, म्हणून पक्कं सांगते. लिहिताना भीती बिलकुल वाटली नव्हती. उलट मजा आली होती. भीती नंतर आली, आणि तीसुद्धा गणिताच्या तासाला.

पण आधी मी कोण ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही मुलगी जन्मापासूनच लबाड. मी आम्रपाली गजभिये, नववी ब. आमचं गाव भंडाऱ्याजवळ. आई-बाबा तिकडेच असतात. दोन वर्षांपूर्वी मी पुण्याला कर्वेनगरात दादा-वहिनीकडे शिकायला आले. रतनदादा हिंजवडीला कंप्युटर कंपनीत आहे. सकाळी सात वाजता कंपनीची बस पकडतो, रात्री येतो तेव्हा जेवतानाही झोपेत असतो. म्हणजे मला वाढवलं ते हिरावहिनीने. सातवीत मी पहिल्याच दिवशी वर्गात विचारलं, "बाई, आता काय करून राहिले सगळे?" आणि सगळा वर्ग हसला. पुढचे सहा महिने 'करून राहिली' हेच माझं नाव होतं. मी बोलणंच बंद केलं. तेव्हा वहिनी रोज संध्याकाळी मला ओट्यासमोर उभी करायची, हातात लाटणं द्यायची आणि म्हणायची, "हा माइक. बोल. मी पब्लिक."

तर त्या लाटण्यावर बोलत बोलत मी आठवीत वक्तृत्वात पहिली आले, आणि नववीत तर शाळेने मला पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमाची सूत्रसंचालक केलं. मी! हवेत होते मी त्या दिवसांत. जिना उतरताना दोन दोन पायऱ्या गाळायचे.

त्याच वर्षी पानसे बाईंनी 'आपली टाकी' नावाचा प्रकल्प काढला. पानसे बाई आम्हाला गणित शिकवतात आणि विज्ञान मंडळही चालवतात. त्या म्हणाल्या, "सरासरी काढायला शिकलात, अभिनंदन. आता ती कशाची तरी काढा." आठ जणांना त्यांनी निवडलं. प्रत्येकाने आपापल्या इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी रोज सकाळी तपासायचं, एक जुलैपासून साठ दिवस. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, की पाणी पिवळं होतं. जितकं पिवळं तितकं त्यात क्लोरीन. पट्टीवरच्या रंगाशी ताडून आकडा लिहायचा. ०.२, ०.३, असा. गुरुवारी महापालिकेचं पाणी बंद असतं, त्या दिवशी आकडा नाही, 'पाणी बंद' एवढंच लिहायचं.

"आणि पाणी पिवळं झालंच नाही तर?" मी विचारलं होतं.

"तर शून्य," बाई म्हणाल्या. "शून्य म्हणजे पाण्यात कुठून तरी घाण शिरली आणि तिने क्लोरीन खाऊन टाकलं. शून्य आलं तर तक्ता सुबक करत बसायचं नाही. धावत सुटायचं. आधी सोसायटीला सांगायचं, मग मला."

एकोणीस दिवस मी अगदी प्रामाणिकपणे गच्चीवर गेले. एकोणीस जुलैपासून सकाळी सातला शाळेत तालमी सुरू झाल्या. नळाला पाणीही सातलाच येतं. गच्चीची किल्ली वॉचमन सीताराममामांकडे, आणि मामा सकाळी दूधवाल्याशी राजकारणावर बोलत असले की किल्ली मिळायला दहा मिनिटं लागायची. पहिल्या दिवशी मी तालमीला उशिरा पोचले, तर नाटकाच्या सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "सूत्रसंचालिका पालखीतून येणार आहेत का?" दुसऱ्या दिवशी मी टाकीवर गेलेच नाही. संध्याकाळी तक्त्यात लिहिलं, ०.३.

काही झालं नाही. आकाश कोसळलं नाही. मग तिसऱ्या दिवशी ०.२. चौथ्या दिवशी ०.४, कारण सारखंच लिहिलं तर खोटं वाटेल. मी हुशारच ना! पहिल्या दिवसांची सरासरी ०.३ येत होती, म्हणून मनाचे आकडेही असे वरखाली करत लिहिले की सरासरी तीच राहील. गुरुवार आला की न विसरता 'पाणी बंद'. पंधरा ऑगस्टला तालमी संपल्या, तरी गच्चीवर जायची सवय मोडली ती मोडलीच. शेवटी हिरव्या स्केचपेनने चौकट काढली. आठ तक्त्यांत माझा तक्ता सर्वात देखणा होता. पानसे बाईंनी त्यावर शेरा दिला, 'नीटनेटके'. बाईंच्या तोंडून 'नीटनेटके' म्हणजे इतरांच्या तोंडून भारतरत्न.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी देवस्थळी काका. जुलै संपताच त्यांनी तोवरच्या तक्त्याची झेरॉक्स काढून जिन्याखालच्या बोर्डावर लावली होती आणि खाली आपल्या अक्षरात लिहिलं होतं : 'कु. आम्रपाली गजभिये हिच्या शास्त्रीय तपासणीनुसार टाकीचे पाणी निर्धोक आहे. तरी सभासदांनी पाण्याच्या वासाबद्दल उगाच तक्रारी आणू नयेत.'

पाण्याच्या वासाबद्दल, असं लिहिलं होतं त्यात. मी ते दहा वेळा वाचलं, पण दहाही वेळा माझं नावच वाचलं.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, मंगळवारी, पानसे बाई वर्गात एका पाहुण्यांना घेऊन आल्या. बद्रीनाथ तापडिया, आमच्या वर्गातल्या सृष्टीचे बाबा. ते ऑडिटर आहेत. बुटके, शांत, खिशाला तीन पेनं. आदल्या दिवशी बाईंनी विचित्र गृहपाठ दिला होता : घरी शंभर वेळा नाणं उडवा आणि छापा आला की काटा ते क्रमाने लिहून आणा. तापडिया सरांनी सगळ्या वह्या मागवल्या. एकेक उघडायची, पाच-दहा सेकंद बघायचं, डावीकडे नाहीतर उजवीकडे ठेवायची. 

"या डावीकडच्या मुलांनी नाणं खरंच उडवलं," सर म्हणाले. "उजवीकडच्यांनी टीव्ही बघता बघता लिहिलं."

अभिनवची वही उजवीकडे होती. तो आमच्या वर्गाचा विदूषक. उभा राहून म्हणाला, "सर, हा अन्याय आहे. माझे बरोबर पन्नास छापे, पन्नास काटे आहेत!"

"हो ना. फार न्यायी नाणं आहे तुझं," सर म्हणाले. "पण बाळ, तुझ्या नाण्याला कंटाळा येतो. दोनदा छापा पडला की त्याला वाटतं, बास, आता काटा. खऱ्या नाण्याला मागचं काही आठवत नाही. शंभरात कुठेतरी सलग पाच, सहा वेळा एकच बाजू पडतेच, जवळजवळ नेहमी. माणूस मनाने लिहितो तेव्हा सलग पाच लिहायला त्याचा हात धजत नाही. त्याला वाटतं, कुणाला खोटं वाटेल."

सगळे हसले. माझी वही डावीकडे होती. मी नाणं खरंच उडवलं होतं. शंभरही वेळा. तरी मला एकदम जिना उतरताना पायरी चुकल्यासारखं झालं. 'सारखंच लिहिलं तर खोटं वाटेल.' हे मीच म्हणाले होते की! याच शब्दांत.

पानसे बाई खडू झटकत म्हणाल्या, "उद्या याच चाळणीतून आपल्या आठ सत्यवाद्यांचे टाकीचे तक्ते काढू. सरांनी वेळ दिलाय. गैरहजर कोणी राहू नये. राहिलंच तर आम्ही काय ते समजू."

घरी येताना मी स्वतःला समजावत होते. काय होईल? ओरडतील. बाईंचं ते 'नीटनेटके' परत जाईल. वर्ग मला नवं नाव देईल. ते सगळं वाईट होतं, पण त्यात कुणी मरत नव्हतं.

दार वहिनीने उघडलं. तिला आठवा लागला होता. पोट एवढं की दार उघडून तिला बाजूला सरकावं लागायचं. तोंड उतरलेलं.

"काय झालं?"

"काही नाही गं. सकाळपासून मळमळून राहिलं. भाताच्या वासानंच पोटात ढवळते. आठव्यात कोणाला मळमळते का बाप्पा? याच्यात बापावर गेलं वाटते बाळ, उलटंच सगळं." ती हसली आणि भिंतीला धरून खाली बसली. "तिसऱ्या मजल्यावरच्या बायडाबाईले कावीळ झाली म्हणतात. तिच्या नातीलेबी. पाणी दे बरं मले."

मी माठाकडे गेले. ग्लास बुडवला. आणि तिथेच थांबले.

"वहिनी, हे उकळलेलं आहे ना?"

"उकळलेलं काहून? जुलैपर्यंत उकळत होती मी. डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं. मग तुझं ते बोर्डावर लागलं ना. मी सगळ्यांले सांगितलं, आमच्या पोरीनं तपासलं आता, कशाले गॅस जाळायचा?" तिने हात पुढे केला. "दे ना गं. काय पाहून राहिली?"

मी ग्लास दिला नाही. म्हणाले, माठात मुंगी आहे. ते पाणी मोरीत ओतलं आणि शेजारच्या फिल्टरमधून तांब्याभर मागून आणलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, तुमच्याकडे तर प्रमाणपत्र आहे!"

त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. शाळेच्या पुस्तकात कावीळ हा विज्ञानाचा चौकटीतला मजकूर आहे, 'दूषित पाण्यामुळे होणारे आजार', परीक्षेला दोन गुण. त्या चौकटीत वहिनी कुठेच नव्हती.

बुधवारी सकाळी पावणेसातला मी सीताराममामांसमोर उभी. मामा बघतच राहिले. "काय पोरी, लई दिवसांनी? मला वाटलं संपलं तुमचं टाकीचं."

"किल्ली द्या मामा."

मामा लोणी काळभोरचे. गुडघे धरत धरत माझ्यामागे वर आले. पाणी नुकतंच चढत होतं. मी नळी धुतली, भरली, थेंब टाकले. घाईत दोन थेंब जास्तच पडले. हलवलं. थांबले. उजेडाकडे धरलं.

पाणी पाण्यासारखंच होतं.

पुन्हा भरली. पुन्हा थेंब. मनातल्या मनात मी त्या पाण्याची विनवणी करत होते, हो की पिवळं, थोडंसं हो, ०.१ तरी हो. तिसऱ्यांदाही काही नाही. आता वासही आला, गटाराच्या झाकणाजवळून जाताना येतो तसा, अगदी पुसट.

"वास हाय ना?" मामा म्हणाले. "खालच्या टाकीला चीर पडलीय. बाजूनंच ड्रेनेजची लाइन जाती. जुलै संपता संपता मीच बोललो देवस्थळी सायबांना. ते म्हनले पोरीचा तक्ता होऊ दे. मग तक्ता लागला, ते म्हनले बोर्ड वाच. आता मला कुठं येतंय वाचाया. म्हनलं, शिकलेल्या मानसांनी तपासलंय तर आसंल ठीक."

मी त्यांच्याकडे बघूच शकले नाही.

शून्य आलं तर धावत सुटायचं. मी धावले नाही. हे लिहायला मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मी एकेक पायरी उतरत घरी गेले. देवस्थळी काकांचं दार वाटेत होतं, ते ओलांडलं. घरात मोठं पातेलं गॅसवर चढवलं आणि वहिनीला म्हणाले, "आजपासून उकळूनच पी हं. पावसाचे दिवस आहेत."

"तूच तर लिहिलं ना, चांगलं आहे म्हणून?"

"तरी."

ती खिडकीशी उभी होती. सकाळचं ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं. आणि मला दिसलं. जो पिवळा रंग मी वर गच्चीवर तीनदा शोधून आले होते, तो तिच्या डोळ्यांत होता.

दुपारी बारा वाजता शाळा भरली. आठ तक्ते फळ्यावर टाचलेले. माझा हिरव्या चौकटीचा, मधोमध. पानसे बाईंनी सृष्टीला पुढे बोलावलं आणि प्रत्येक तक्त्यात सलग सारखे आकडे किती वेळा आले ते मोजायला लावलं. सृष्टी मोठ्याने वाचत होती. "सुदर्शन, सलग सहा दिवस ०.२. नम्रता, सलग पाच दिवस ०.३." माझ्या तक्त्याशी ती थांबली.

"आम्रपाली. सुरुवातीला सलग पाच दिवस ०.२. मग, वीस जुलैनंतर..." तिने बोट फिरवलं. परत फिरवलं. "एकदाही नाही. लागून दोनसुद्धा सारखे नाहीत."

अभिनव कुजबुजला, "टाकीला कंटाळा आला."

कुणीतरी फिस्सकन हसलं. तापडिया सर हसले नाहीत. ते उठून फळ्याजवळ गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि आठही तक्त्यांच्या एकाच ओळीवरून बोट फिरवत गेले.

"यावर्षी पंधरा ऑगस्ट कोणत्या वारी होता?"

"गुरुवारी!" सगळा वर्ग.

"मग पाणी बंद होतं?"

"नाही सर," सुदर्शन म्हणाला. "झेंडावंदन म्हणून त्या दिवशी सोडलं होतं. बंद शुक्रवारी ठेवलं. पेपरात आलं होतं."

"बरोबर. सात तक्त्यांत तसंच आहे. गुरुवारी आकडा, शुक्रवारी पाणी बंद." सर माझ्याकडे वळले. आवाज अगदी साधा, वाट विचारावी तसा. "आम्रपाली, तुझ्याकडे पंधरा ऑगस्टला पाणी बंद. आणि शुक्रवारी, सगळ्या भागात थेंब नसताना, ०.३. हे कसं झालं असेल?"

एकही गुरुवार मी विसरले नव्हते. त्याचीच मला घमेंड होती.

त्यांनी 'तू खोटं लिहिलंस' असं म्हटलं असतं तर मी कदाचित रडले असते. पण ते नुसते थांबले. ऑडिटर आरोप करत नाही, प्रश्न विचारतो, असं काल त्यांनीच सांगितलं होतं. सेहेचाळीस डोकी माझ्याकडे वळलेली. माझी जीभ आपोआप हलली. एवढं वक्तृत्व शिकलेली जीभ!

"सर, कच्च्या वहीतून उतरवताना ओळ खालीवर झाली. गुरुवारचं शुक्रवारी, शुक्रवारचं गुरुवारी."

सरांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "शक्य आहे," ते म्हणाले. "ओळ चुकली तर दोन्ही दिवस असेच उलटे दिसतील."

पानसे बाईंनी सुस्कारा सोडला. मला वाटतं, त्यांनाही ते तसंच असावं असं वाटत होतं. "कच्ची वही उद्या आण. आणि सूत्रसंचालिका, माइकवर कमी, तक्त्यावर जास्त लक्ष. बस."

मी बसले. सुटले होते. कच्ची वही रात्रीतून बनवता आली असती. आकडे मनाने कसे लिहायचे तेही आता मला बरोबर कळलं होतं, सलग पाच-सहा सारखे टाकायचे, कुणाच्या बापाला कळलं नसतं.

तेव्हा मला खरी भीती वाटली. इतकी की बाकाची कड धरून ठेवावी लागली. कारण आता कुणालाच कळणार नव्हतं. बाईंना नाही, देवस्थळी काकांना नाही, वहिनीच्या डॉक्टरीणबाईंनाही नाही. वहिनी म्हणेल, आमचं पाणी तपासलेलं आहे, आणि डॉक्टर दुसरंच काही शोधत बसतील. बोर्ड तिथेच राहील. चोवीस फ्लॅट. सकाळपासून पाच तास झाले होते, आणि त्या पाच तासांत चोवीस घरांनी माठ भरले होते.

मी उभी राहिले.

"काय?" पानसे बाई म्हणाल्या.

"बाई, ओळ चुकली नाही. वीस जुलैपासून मी टाकीवर गेलेच नाही. सगळं मनाने लिहिलं." आवाज इतका बारीक होता की बाईंनी परत विचारलं, आणि मला ते परत, मोठ्याने, सांगावं लागलं. "आणि आज सकाळी तपासलं. शून्य आहे. तीनदा तपासलं. आमच्याकडे दोघींना कावीळ झालीय, आणि माझ्या वहिनीचे डोळे पिवळे दिसतायत. तिला आठवा महिना आहे."

कुणीच हसलं नाही. अभिनवसुद्धा.

पानसे बाईंनी हातातला खडू टेबलावर ठेवला. मला वाटलं आता येणार बाईंचा जगप्रसिद्ध टोमणा. पण बाईंनी एवढंच विचारलं, "आज सकाळी शून्य आलं, आणि तू आत्ता सांगतेस?"

"हो."

"दप्तर राहू दे. चल."

त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी घरी गेले. वाटेत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. पुणेरी माणूस टोमणाही मारत नाही तेव्हा समजावं.

वहिनीला मी स्वयंपाकघरात सांगितलं. ओट्यासमोर उभी राहून, जिथे लाटणं धरून बोलायचे तिथेच. ती स्टुलावर बसून ऐकत होती, दोन्ही हात पोटावर. मी संपवल्यावर तिने विचारलं, "किती दिवस?"

"एक्केचाळीस. त्यातले गुरुवार सोडले तर पस्तीस आकडे."

"मी तक्त्याचे नाही विचारून राहिली. मी किती दिवस प्यायलं ते विचारून राहिली."

 ती स्वतःच बोटांवर मोजायला लागली, मग मध्येच थांबली. माझ्याकडे न बघता पानसे बाईंना म्हणाली, "मॅडम, रिक्षा बोलवता का?"

रक्त तपासलं. कावीळच. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि दादाला बाजूला नेलं. पण मला ऐकू आलंच. या महिन्यात ही कावीळ वाईट, रक्त गोठायला वेळ लागतोय, दोघांनाही धोका आहे, इथेच ठेवावं लागेल. दादा हिंजवडीहून तसाच आला होता, गळ्यात कंपनीचं कार्ड. तो माझ्यावर ओरडला नाही. "तू घरी जा," एवढंच म्हणाला. त्याच्या आवाजात मी त्याची कुणीच नव्हते.

दुसऱ्या दिवशी वहिनीने मला खाटेशी बोलावलं. तिचा हात सुईने सुजला होता. मला वाटलं, माफीबिफीचं बोलेल. ती म्हणाली, "आपल्या बिल्डिंगमध्ये आणखी कोण कोण पोटुशी आहे? कोणाची मळमळ, कोणाचा ताप? एकेका दारी जा. विचारून लिहून आण. खरं लिही."

चोवीस दारं. आधी देवस्थळी काका. पानसे बाईंनी सांगितल्यावर त्यांनी खालची टाकी आदल्या संध्याकाळीच रिकामी करून घेतली होती आणि बोर्डही काढला होता. दारात उभं राहूनच ते म्हणाले, "मी तुझ्या नावाआधी 'शास्त्रीय' लिहिलं होतं. अठरा वर्षं सेक्रेटरी आहे, हा शब्द कधी वापरला नव्हता." आणि मग, आवाज खाली आणून, "हिरा कशी आहे?"

प्रत्येक दारी मला तेच वाक्य म्हणावं लागलं. "बोर्डावरचे आकडे मी मनाने लिहिले होते. पाणी खराब होतं. तुमच्याकडे कुणी आजारी आहे का?" बेल वाजवली की आतून पावलं यायची आणि मी ते वाक्य मनात पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागायचे. एका काकांनी दार तोंडावर आपटलं. बायडाबाई नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मला आत बोलावलं, बसवलं, आणि नात कशी पिवळी झालीय ते तिचा शर्ट वर करून दाखवलं.  दार आपटलेलं बरं होतं.

तळमजल्यावर मागच्या बाजूला भाड्याने राहणाऱ्या द्वारकाताईंचं दार सर्वात शेवटी. त्यांनी दार उघडलं आणि माझं लक्ष आधी पोटाकडे गेलं. सहावा असेल, सातवा असेल.  माझं वाक्य मी कसंबसं म्हटलं.

त्यांनी ऐकून घेतलं. "मग आता काय, उकळू का?"

"उकळाच. पण तुम्हाला मळमळतं का? लघवी पिवळी होते का?"

"होते की. चार दिवस झाले. उन्हानं असेल म्हटलं."

"ताई, डॉक्टरकडे चला. आत्ता."

"आत्ता? कुकर लावलाय गं."

"कुकर बंद करा," मी म्हणाले. आणि स्वतःच आत जाऊन गॅस बंद केला.

यादीत सात जण निघाले. द्वारकाताईंची कावीळ सुरुवातीलाच सापडली. त्या आठ दिवसांत घरी आल्या. वहिनी तेवीस दिवस दवाखान्यात होती. त्यातले चार दिवस आम्हाला आत सोडत नव्हते. त्या चार दिवसांत मी आणि दादा बाहेरच्या बाकावर दोन टोकांना बसायचो, आणि आतलं दार उघडलं की दोघेही उठायचो. गौरी-गणपती येऊन गेले, मला कळलेही नाहीत. मुलगी झाली, पाच आठवडे आधी, दोन किलोही नाही. दादाने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि सरकून बाकावर जागा केली. वहिनीचे डोळे पांढरे व्हायला त्यानंतरही महिना लागला.

आता टाकीला नवीन प्लास्टर आहे. पानसे बाईंनी मला प्रकल्पातून काढलं नाही. साठ दिवस पुन्हा पहिल्यापासून करायला लावले, आणि रोज सीताराममामांनी नळी बघून तक्त्यावर अंगठा उठवायचा, ही अट घातली. मामा अंगठा उठवण्याआधी नळी उजेडाला धरून इतका वेळ बघतात की कधी कधी खालून दूधवाला त्यांना हाका मारायला लागतो.

वहिनी माझ्याशी बोलते. वेणीही घालून देते. तिने मला माफ केलं का, ते विचारायची माझी हिंमत झालेली नाही. वक्तृत्वाला यंदा नाव दिलं नाही.

आज सकाळी ०.३ होतं. मी खाली येऊन तिला सांगितलं. बाळ तिच्या खांद्यावर होतं.

"बरं," वहिनी म्हणाली, आणि पातेलं भरून गॅस पेटवला.